मावा, तुडतुडे आणि ढेकूण : सोंडवाल्या कीटकांची ओळख

(इयत्ता ३ री ते ५ वी, परिसर अभ्यास, पूरक पाठ)



या पाठाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

मागच्या पावसाळ्यात चौथीतला एक मुलगा काड्यापेटी घेऊन वर्गात आला. आत चवळीचं पान आणि त्यावर एक करडा-काळा, खरबरीत अंगाचा, नारिंगी ठिपक्यांचा किडा. "मॅडम, हे पाहा, मगरीचं पिल्लू!" सगळा वर्ग गोळा झाला. त्याने पुढे विचारलं, "हा चांगला का वाईट?" मी घाईत होते. आमच्या परसबागेतल्या चवळीवर मावा पडलाय हे मला माहीत होतं. किडाही तिथलाच, म्हणून मी म्हटलं, "कीड आहे ती. फेकून दे. आणखी असतील तर काढून टाका." मुलांनी मधल्या सुट्टीत असे चौदा-पंधरा किडे वेचले, पायाखाली चिरडले आणि मला आकडाही सांगितला. मी शाबासकी दिली.

चार दिवसांनी गावात लावलेल्या शेतीच्या एका भित्तिपत्रकावर तोच किडा दिसला. खाली लिहिलं होतं : ढालकिड्याची अळी, मित्रकीटक, मावा खाते. म्हणजे चवळीची राखण करणाऱ्यालाच आम्ही मारलं होतं. मावा कदाचित तसाही वाढला असता. पण मुलांना मी न बघता निकाल द्यायला शिकवलं, याचं जास्त वाईट वाटलं. त्यानंतर मी स्वतः थोडा अभ्यास केला आणि हा पाठ तयार केला. पाठाचं सार एकच आहे : किडा दिसला की आधी त्याचं तोंड बघायचं, तो काय खातो ते बघायचं, आणि मगच चांगला की वाईट ते ठरवायचं.

१. आधी नावाचा घोळ मिटवू

इंग्रजी चित्रांच्या पुस्तकात 'बग' म्हणून कोळी, गोगलगाय, ढालकिडा, मुंगी असं काहीही छापलेलं असतं. बोलीभाषेत ते चालून जातं. कीटकशास्त्रात मात्र खरे बग म्हणजे कीटकांच्या एकाच गणातले सदस्य. या गणाचं नाव हेमिप्टेरा. ग्रीक भाषेत 'हेमी' म्हणजे अर्धा आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख, म्हणून मराठीत 'अर्धपंखी'. हे नाव स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली दिलं. या गणातल्या ऐंशी हजारांहून जास्त जातींची आज नोंद आहे.

आपल्या मुलांना हे घराणं नवीन नाही. कापसाच्या पट्ट्यातलं पोर 'मावा-तुडतुडे' हे शब्द घरी रोज ऐकतं. शेतकरी यांना 'रसशोषक किडी' म्हणतात, आणि हा शब्द अगदी नेमका आहे. म्हणून पाठाची सुरुवात फळ्यावर व्याख्या लिहून करू नका. "तुमच्या घरी कोणकोणत्या किडींची नावं निघतात?" एवढंच विचारा. माझ्या वर्गात पाच मिनिटांत अकरा नावं आली. 'मावा' म्हटल्यावर दोघं खाण्याच्या माव्यावरून हसली, तेही चालायचंच.

२. ओळखायच्या तीन खुणा

पहिली खूण : तोंड. टोळ, नाकतोडा, अळी हे कीटक पान कुरतडून खातात, त्यांना चावणारे जबडे असतात. अर्धपंखींना जबड्यांच्या जागी सोंड असते. वापर नसताना ती हनुवटीखाली, पायांच्या मधोमध दुमडून ठेवलेली असते. म्हणून वरून बघून ती दिसत नाही. किडा पारदर्शक डबीत ठेवून खालून बघावा लागतो.

दुसरी खूण : पंख. ढेकूणवर्गातल्या कीटकांचा पुढचा पंख अर्धा जाड, चामड्यासारखा, आणि टोकाकडचा अर्धा पातळ, पारदर्शक असतो. पंख मिटले की टोकं एकमेकांवर येतात आणि पाठीवर फुलीसारखा आकार दिसतो. मानेमागे एक त्रिकोणही असतो. भुंगेऱ्याचे पुढचे दोन्ही पंख पूर्ण टणक असतात आणि पाठीच्या मधोमध सरळ रेषेत भिडतात. मुलांना सोपं करून सांगा : पाठीवर सरळ रेघ, तर भुंगेरा, त्रिकोण आणि फुली, तर ढेकूणवर्ग. मावा, तुडतुडे, सिकाडा यांचे पंख असे अर्धे-अर्धे नसतात. ते सगळीकडे सारखेच असतात आणि बहुतेकांत छपरासारखे उतरते ठेवलेले असतात. काहींना तर पंखच नसतात. म्हणून पहिली खूण जास्त भरवशाची.

तिसरी खूण : वाढ. फुलपाखरू अंडं, अळी, कोष, फुलपाखरू अशा चार पायऱ्यांनी वाढतं. आपल्या सोंडवाल्यांत तीनच पायऱ्या असतात : अंडं, पिल्लू, प्रौढ. पिल्लू आईबापासारखंच दिसतं, फक्त लहान आणि बिनपंखी. कात टाकत टाकत ते मोठं होतं. पांढरी माशी आणि पिठ्या ढेकणाचा नर यांच्यात शेवटी कोषासारखी एक अवस्था येते, तेवढा अपवाद शिक्षकांनी लक्षात ठेवावा. मुलांना सांगायची गरज नाही.

तिसरी खूण मला त्या दिवशी माहीत असती, तर काड्यापेटीतला जीव रस शोषणाऱ्यांपैकी नाही हे मी तिथंच ओळखलं असतं. त्याचं रूप माव्यासारखंही नव्हतं आणि ढेकणासारखंही नव्हतं. ती अळी होती.

३. सोंड काम कशी करते?

ही सोंड म्हणजे नुसती पोकळ नळी नव्हे. बाहेरून दिसते ती म्यान. तिच्या आत केसासारख्या बारीक चार सुया असतात. किडा झाडावर बसला की म्यान बाहेरच राहते आणि सुया आत शिरतात. मधल्या दोन सुया एकमेकींना चिकटून दोन बारीक नळ्या तयार होतात. एका नळीतून लाळ खाली जाते, दुसरीतून रस वर येतो.

वर्गात दाखवायचं असेल तर ज्यूसच्या पाकिटाच्या दोन नळ्या चिकटपट्टीने जोडा आणि त्यांना कागदाची घडी म्यानासारखी गुंडाळा. पेल्यावर घट्ट ताणलेल्या कागदात नळ्या खुपसताना कागदाची घडी वरच अडते, नळ्या आत जातात. मुलांना पटकन कळतं.

आता पालकांच्या उपयोगाची गोष्ट. झाडाचा रस गोड असतो, पण त्यात प्रथिनांसाठी लागणारी द्रव्यं फार कमी असतात. ती पुरेशी मिळावीत म्हणून माव्याला भरपूर रस प्यावा लागतो आणि जादा साखर तो मागून चिकट थेंबांच्या रूपात टाकत राहतो. शेतात 'चिकटा पडला' म्हणतात तो हाच. या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, पानं काजळी धरल्यासारखी होतात आणि त्यांना ऊन मिळत नाही. थेंब चाटायला मुंग्या येतात. त्या बदल्यात त्या माव्याची राखण करतात, ढालकिड्याला हुसकावतात. "मुंग्यांनी गाई पाळल्यात" असं माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली. यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

मावा इतक्या लवकर वाढतो कसा, हाही प्रश्न नेहमी येतो. आपल्याकडच्या हवेत माव्याची मादी नराशिवाय, अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते. अनुकूल हवा असली तर ते पिल्लू आठवड्या-दहा दिवसांत स्वतः आई होतं. म्हणून सोमवारी चार दिसलेला मावा पुढच्या सोमवारी शेंडाभर दिसतो.

४. घराण्याच्या तीन मोठ्या शाखा

*पहिली शाखा, ढेकूणवर्ग.* अर्धा जाड, अर्धा पातळ पंख यांचाच. कापसाची बोंडं फुटली की त्यावर लाल-काळे किडे दिसतात, पुष्कळदा जोडीने, एकमेकांना पाठीमागून चिकटून चालणारे. हे लाल ढेकूण. ते सरकीतला रस शोषतात आणि रुईवर डाग पडतो. भेंडीवरही ते सापडतात. हात लावला की घाण वास सोडणारा हिरवा ढेकूण, तुरीच्या शेंगांवरचा ढेकूण, कोकणात काजूच्या मोहोरावर येणारा ढेकण्या, हे सगळे याच शाखेतले. पाण्यावर लांब पायांनी सरसर धावणारे किडेही यांचेच भाऊबंद. ते पाण्यात पडलेल्या कीटकांना सोंडेने टोचून खातात. भाताच्या खाचरात आणि तळ्यात एक चपटा तपकिरी पाणढेकूण असतो. त्याची मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत बाबाच ती वागवत फिरतो. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

आणि घरातला ढेकूण? तोही इथलाच, फक्त त्याचे पंख नावापुरते खुंटासारखे उरलेत. पिल्लापासून प्रौढ होईपर्यंत त्याला पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक वेळी आधी रक्त प्यावं लागतं.

*दुसरी शाखा, तुडतुडे आणि सिकाडा.* कापसाच्या पानाखाली तिरके चालणारे हिरवे तुडतुडे, आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे, उसावरची पायरीला ही यांची उदाहरणं. उन्हाळ्यात जंगलात भर दुपारी कानठळ्या बसवणारा आवाज येतो तो सिकाडाचा. मुलं त्याला रातकिडा म्हणतात. रातकिडा पंखावर पंख घासून आवाज काढतो. सिकाडाचा नर पोटाच्या बाजूच्या दोन पडद्यांना झपाट्याने आतबाहेर करून आवाज काढतो. त्याचं पिल्लू जमिनीखाली मुळांचा रस पीत काही वर्षं काढतं. पावसाळ्यात गवतावर थुंकीसारखा फेस दिसतो, तोही कुणाची थुंकी नसते. त्या फेसात याच शाखेतलं एक पिल्लू लपलेलं असतं. काडीने फेस हळूच बाजूला करून दाखवा.

*तिसरी शाखा, मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, खवले कीटक.* यातल्या पुष्कळशा माद्या एकदा सोंड खुपसली की फारशा हलत नाहीत. जास्वंदीच्या फांदीवर कापूस लावल्यासारखा दिसतो तो पिठ्या ढेकूण. अंगावरचं पीठ म्हणजे त्याने स्वतःच तयार केलेलं मेण.

लाखही याच शाखेची देणगी आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे कीटक स्वतःभोवती राळेचं कवच तयार करतात. तीच लाख. तिच्यापासून बांगड्या होतात, लाकडाच्या पॉलिशचा चपडा होतो. निवडणुकीच्या ड्युटीत सील करायला आपल्या हाती लाखेची कांडी येते, तिचं नाव याच कीटकावरून आलंय हे मलाही उशिराच कळलं. लाखेच्या अभ्यासासाठी १९२४ साली रांचीजवळ खास संस्था सुरू झाली, ती आजही काम करते. म्हणजे सोंडवाला प्रत्येक कीटक शत्रूच, असं नाही.

५. शेजारचे नातेवाईक

कापसावरचे, मिरचीवरचे फुलकिडे या गणात येत नाहीत, पण जवळचे नातेवाईक आहेत. त्यांच्या पंखांना झालर असते. आणि एक गंमत : त्यांच्या तोंडात दोन जबड्यांपैकी फक्त डावाच वाढलेला असतो. त्याने ते पान खरवडतात आणि बाहेर येणारा रस शोषतात.

दुसरी नातेवाईक डोक्यातली ऊ. तिलाही कोष नाही आणि पंख नाहीत. ती उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की इकडून तिकडे जाते. हे पालकांनी जरूर लक्षात घ्यावं. स्वच्छ घरातल्या मुलीच्या केसातही उवा होतात. उवा झाल्या म्हणून कुणाला मागच्या बाकावर बसवू नका. बारीक दातांची फणी आणि घरातल्या सगळ्यांचे केस एकाच वेळी तपासणं, हे जास्त कामाचं.

६. फसवी नावं

हा तक्ता मुलांकडून वहीत करून घ्या.

- पांढरी माशी : माशी नाही. माशीला दोन पंख, हिला चार. सोंडवाली.
- पिठ्या ढेकूण : नावात ढेकूण, पण नातं माव्याशी जवळचं.
- ढालकिडा : इंग्रजीत काही जण 'लेडीबग' म्हणतात, पण हा बग नाही. पाठीवर सरळ रेघ, म्हणजे भुंगेरा.
- डास : सोंड आहे, पण पंख दोन, आणि वाढ अळी-कोषातून. माशीच्या घराण्यातला.
- काजूवरचा ढेकण्या : इंग्रजी नावात 'मॉस्किटो' आहे, पण डास नाही. ढेकूणवर्गातला.
- कोळी, गोम, गोगलगाय : कीटकच नाहीत. कोळ्याचे पाय मोजायला लावा, आठ भरतात.

७. हे शिकवायचं कशासाठी?

परीक्षेत यावर प्रश्न येईल न येईल. पण आमच्या भागात हे शिकवणं मला गरजेचं वाटतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्यामागे कारणं पुष्कळ होती आणि एका पाठाने ती दूर होणार नाहीत. पण 'दिसला किडा, मार फवारा' ही सवय लहानपणीच लागते. माझ्या वर्गातल्या मुलांना ती मीच लावत होते.

तोंड ओळखता आलं की पुढचं बरंच काही समजतं. पालक विचारतात, "बीटी कापूस लावलाय, तरी मावा-तुडतुडे कसे?" बीटीतलं प्रथिन बोंडअळीसारख्या अळ्यांसाठी आहे. रस शोषणाऱ्यांवर त्याचा परिणाम होत नाही. तसंच ढेकूणवर्गातही शिकारी ढेकूण असतात, ते अळ्यांना सोंडेने टोचून मारतात. त्यांची सोंड आखूड, वाकडी आणि जाड असते. रस पिणाऱ्यांची सहसा लांब आणि बारीक.

मित्रकीटकांची ताकद आपल्या राज्याने पाहिली आहे. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला आणि झपाट्याने पसरला. तो आटोक्यात येण्यात डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमससारखे मावाखाऊ कीटक यांचा मोठा वाटा होता. इथे पतंगाची अळी मित्र निघाली! म्हणजे 'अळी वाईट, ढालकिडा चांगला' अशी पाठांतराची यादीही पुरत नाही. बघावंच लागतं.

फवारणी करायची की नाही, कोणती करायची, हे शिक्षकांनी सांगू नये. ते काम कृषी खात्याचं. आपण मुलांना नीट बघायला शिकवलं तरी पुष्कळ झालं.

८. कृती : दहा मिनिटांचा पहारा

साहित्य : पारदर्शक डबी, भिंग, वही, पेन्सिल.

१. परसबागेतलं एक झाड प्रत्येक गटाला द्या. चवळी, वाल, भेंडी उत्तम.
२. पानाच्या खालची बाजू आणि कोवळा शेंडा आधी बघायला सांगा.
३. एक किडा निवडून दहा मिनिटं फक्त बघायचं. हलतो का? पान कुरतडतो का? एका जागी बसून राहतो? दुसऱ्या किड्याला खातो? जवळ मुंग्या आहेत?
४. चित्र काढायचं. पाय मोजायचे. पाठीवर रेघ की फुली ते लिहायचं.
५. शेवटी 'माझा अंदाज' लिहायचा, आणि त्याखाली 'कशावरून' हेही लिहायचं. 'कशावरून' नसेल तर अंदाजाला गुण नाहीत.

जोडकृती : पिवळ्या पुठ्ठ्याला ग्रीस लावून झाडाच्या उंचीवर दोन दिवस टांगा. पांढरी माशी, पंखवाला मावा चिकटतो. मोजून स्तंभालेख काढता येतो, गणिताचाही तास होतो. एकच पुठ्ठा पुरे, कारण त्यावर मित्रकीटकही चिकटतात.

काळजी : फवारणी झालेल्या शेतात मुलांना मुळीच नेऊ नका. शिकारी ढेकूण आणि पाणढेकूण हातात धरू देऊ नका, त्यांचा दंश चांगलाच झोंबतो. बघून झालं की किडा होता तिथेच सोडायचा आणि हात साबणाने धुवायचे.

शेवटी

भित्तिपत्रक बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "परवा मी चुकीचं सांगितलं. तो किडा आपला मित्र होता." थोडा वेळ सगळे गप्प. मग काड्यापेटीवाला म्हणाला, "मॅडम, मी एक मारला नव्हता. घरी ठेवलाय." त्याने तो चवळीच्या पानासकट, माव्यासकट एका बरणीत ठेवला होता, तोंडाला फडकं बांधून. पुढच्या आठवड्यात त्या 'मगरी'चा कोष झाला आणि त्यातून लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा बाहेर आला. पाठीवर मधोमध सरळ रेघ. आम्ही सगळ्यांनी जाऊन तो चवळीवर सोडला.

आता मुलं किडा घेऊन आली की "चांगला का वाईट?" असं विचारत नाहीत. "मॅडम, भिंग द्या," म्हणतात.

आपल्या शाळेत ही कृती करून बघा. पालकांनी सुट्टीच्या दिवशी अंगणातल्या जास्वंदीवर केली तरी चालेल. दहा मिनिटंच लागतात.